उजेडाची कळ आणि दुसऱ्याच्या चुका : लॅपटॉपच्या बॅकलाइट ड्रायव्हरचा इतिहास

#थ्रेड

१/ जानेवारी २०१३. सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर लिनक्स सुरू करून पाहणाऱ्यांना एक विलक्षण अनुभव येऊ लागला. लिनक्स सुरू होई, मध्येच अडखळे आणि त्यानंतर ते यंत्र पुन्हा कधीच जागे होत नसे. पडद्यावर बायॉसचे पहिले पानही उमटेना. मदरबोर्ड बदलणे, एवढाच उपाय उरे. संशयाची सुई प्रथम वळली ती एका लहानशा ड्रायव्हरकडे. पडद्याचा उजेड कमीजास्त करणे हे त्याच्या मोजक्या कामांपैकी एक होते.

२/ पडद्याचा उजेड बदलणारी आज्ञावली एखाद्या यंत्राच्या मृत्यूपर्यंत पोहोचतेच कशी? त्यासाठी सुमारे तीस वर्षे मागे जावे लागते. हा इतिहास जितका तंत्रज्ञानाचा, तितकाच तो जबाबदारीचाही आहे. चूक एका कारखान्यात होते, ती लाखो यंत्रांत कोरली जाते आणि निस्तरावी लागते ती तिसऱ्याच माणसाला. तिने चूक कशी ओळखायची, कोणावर विश्वास ठेवायचा आणि दुरुस्ती करताना नवी चूक कशी टाळायची, हे प्रश्न या लहानशा ड्रायव्हरने फार लवकर विचारले.

३/ प्रथम यंत्राची रचना. एलसीडी पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो, मागे दिवा असावा लागतो. जुन्या लॅपटॉपमध्ये तो बारीक फ्लोरोसंट नळीचा असे. पुढे एलईडी आले. ॲपलने २००७ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये एलईडी वापरले आणि थोड्याच वर्षांत सारा बाजार त्याच वाटेने गेला. एलईडीचा उजेड कमी करण्याची नेहमीची रीत म्हणजे त्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करणे. चालू राहण्याचा काळ जितका कमी, तितका डोळ्यांना उजेड मंद भासतो.

४/ हे चालू-बंद करणारी तार नेमकी कुठे जोडलेली आहे, ही खरी अडचण. काही लॅपटॉपमध्ये ती ग्राफिक्स चिपकडे जाते, तर काहींत कळफलक, पंखा आणि बॅटरी सांभाळणाऱ्या एका स्वतंत्र लहान नियंत्रकाकडे. बाहेरून दोन्ही यंत्रे सारखीच दिसतात. आतली जोडणी ज्याने यंत्र बनवले त्यालाच ठाऊक. ऑपरेटिंग सिस्टिमला ती कळावी कशी? या प्रश्नाचे उत्तर म्हणून फर्मवेअर मध्ये आले.

५/ १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाची व्यवस्था आणली. तिच्यात वीजबचतीचा बराचसा कारभार बायॉसच्या हाती होता; ऑपरेटिंग सिस्टिमने फक्त विनंती करायची. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक प्रसिद्ध केले आणि कारभार उलटा फिरला. आता निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायचा आणि फर्मवेअरने फक्त मार्ग दाखवायचा.

६/ मार्ग दाखवण्याची रीत मोठी चतुर होती. लॅपटॉपच्या कारखान्याने आपल्या यंत्राचे वर्णन एका खास भाषेत लिहायचे, त्याचा बाइटकोड करायचा आणि तो फर्मवेअरमधील तक्त्यांत भरून ठेवायचा. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना ते तक्ते वाचते आणि आतील आज्ञा स्वतःच्या अर्थबोधकामार्फत चालवते. म्हणजे प्रत्येक लॅपटॉप स्वतःबद्दलची पोथी सोबत घेऊनच जन्माला येतो. पोथी बरोबर असेल तर एकच सामान्य ड्रायव्हर सर्व यंत्रांवर चालायला हवा.

७/ उजेडासाठी या पोथीत तीन कृती महत्त्वाच्या ठरल्या. बीसीएल : कोणकोणत्या पातळ्या उपलब्ध आहेत त्यांची यादी. बीसीएम : अमुक पातळी लावा, ही आज्ञा. बीक्यूसी : सध्या कोणती पातळी आहे, ही विचारणा. यादी, आज्ञा, विचारणा. कागदावर याहून सोपी व्यवस्था कल्पिता येणार नाही. प्रत्यक्षात या तिन्हींत चुका निघाल्या आणि प्रत्येकीची जात वेगळी होती.

८/ चुका का राहिल्या? कारखान्यात यंत्राची परीक्षा बहुतेक वेळा एकाच निकषावर होई : विंडोज नीट चालते का? मानकात काय लिहिले आहे यापेक्षा विंडोज काय खपवून घेते, हाच व्यवहारातला नियम बनला. तक्ते तयार करणारे कंपायलरही दोन होते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर सैल होता, इंटेलचा काटेकोर. पहिल्यातून निर्धास्त पार पडलेला मजकूर दुसऱ्याला दाखवला की चुकांची रांग लागे.

९/ येथे एका प्रसिद्ध कागदाचा उल्लेख हवा. जानेवारी १९९९ मधील एका अंतर्गत ई-पत्रात बिल गेट्स यांनी एसीपीआयसाठी आपण व भागीदारांनी केलेल्या कष्टांचे फळ लिनक्सला आयते मिळेल, अशी चिंता व्यक्त केली होती आणि हे विंडोजपुरते राखता येईल का, असा प्रश्न मांडला होता. पुढे अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका खटल्यात ते पत्र उजेडात आले. मात्र उजेडाच्या कळेतील चुका समजून घ्यायला कोणत्याही कारस्थानाची गरज पडत नाही. घाई, नक्कल आणि एकतर्फी परीक्षा एवढी कारणे पुरेशी आहेत.

१०/ लिनक्सपुढे दोन मार्ग होते. एक, मानकाशी एकनिष्ठ राहावे आणि चुकीच्या पोथ्या नाकाराव्यात. दुसरा, चूक ओळखून ती पदरात घ्यावी. पहिला मार्ग तत्त्वाला धरून होता. पण त्यात शिक्षा होणार होती ती निरपराध ग्राहकाला. इंटेलने लिहिलेल्या आणि लिनक्सने स्वीकारलेल्या एसीपीआय अर्थबोधकात अखेर एक सवलतीचा प्रकार आला. ज्या चुका विंडोज खपवून घेते, त्या येथेही खपवून घ्यायच्या.

११/ सुरुवातीची काही वर्षे तोशिबा, आयबीएम, आसुस, सोनी अशा प्रत्येक घराण्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर होते आणि २००४ पासून सामान्य एसीपीआय व्हिडिओ ड्रायव्हरही आला. मग एकाच पडद्यावर दोन मालक हक्क सांगू लागले. २००८ मध्ये यंत्र सुरू करतानाच कोणता ड्रायव्हर वापरायचा हे सांगण्याची सोय झाली. त्याच सुमारास थॉमस रेनिंगर यांनी कर्नलच्या नोंदवहीत एक ठरावीक शिक्का आणला : ‘फर्मवेअर बग’. चूक गुपचूप झाकायची नाही, तिच्यावर चालता येईल असा पूल बांधायचा आणि पुलाशेजारी पाटीही लावायची, ही ती पद्धत.

१२/ २००९ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे. इंटेलचे झांग रुई यांनी व्हिडिओ ड्रायव्हरमध्ये चुकांशी सामना करणारे अनेक बदल केले. पहिली चूक यादीची. मानक सांगते की बीसीएल यादीतील पहिले दोन आकडे खास असतात : विजेवर असताना लावायची पातळी आणि बॅटरीवर असताना लावायची पातळी. खऱ्या पातळ्या तिसऱ्या जागेपासून सुरू होतात. काही कारखान्यांनी हे दोन आकडे लिहिलेच नाहीत आणि सरळ यादीपासून आरंभ केला.

१३/ ड्रायव्हरने हे ओळखायचे कसे? युक्ती तर्काची आहे. समजा यादी अशी आहे : ८०, ५०, २०, ४०, ५०, ६०, ८०, १००. येथे ८० आणि ५० पुढे पुन्हा येतात, म्हणजे पहिले दोन आकडे खास आहेत. पण यादी २०, ४०, ६०, ८०, १०० अशी असेल, तर २० आणि ४० पुढे कुठेच भेटत नाहीत. म्हणजे त्या पातळ्याच आहेत. त्यांना वगळले तर सर्वांत मंद उजेड वापरणाऱ्याच्या हातून निसटेल. पाठभेद तपासणारा संपादक जसा मजकुराच्या आतल्याच पुराव्यावरून गळलेली ओळ शोधतो, तशीच ही रीत.

१४/ दुसरी चूक क्रमाची. काही यंत्रांत यादी चढत्या क्रमाऐवजी उतरत्या क्रमाने दिलेली होती. ड्रायव्हरने ती क्रमवार लावून घेतली. पण मूळ यादी उलटी होती ही खूणही जपून ठेवली. कारण तिसरी चूक याच खुणेवर अवलंबून होती : काही फर्मवेअर ‘सध्याची पातळी काय?’ या प्रश्नाला पातळीचा आकडा न देता तिचा यादीतील अनुक्रमांक देत. ‘पातळी ७०’ ऐवजी नुसते ‘७’. आता हा सातवा क्रमांक कोणत्या टोकाकडून मोजायचा, हे मूळ यादी सुलटी की उलटी यावर ठरणार.

१५/ चौथी चूक वाचून हसू येते. पातळी विचारण्याच्या कृतीचे नाव बीक्यूसी. काही फर्मवेअरमध्ये ती कृती नीट लिहिलेली होती, फक्त नाव ‘बीसीक्यू’ पडले होते. दोन अक्षरांची अदलाबदल; नकलनवीसाच्या हातून होते तशी. पण ती छापून यंत्रांसोबत जगभर गेली. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये म्हणून आजही हे लिहिलेले आहे : बीक्यूसी सापडली नाही, तर बीसीक्यू आहे का पाहा, असेल तर फर्मवेअर बगची नोंद करा आणि तीच वापरा.

१६/ पाचवी चूक अधिक कठीण होती, कारण ती मजकुरात दिसतच नसे. यादी बरोबर, नाव बरोबर. पण विचारणेचे उत्तर खोटे. काही यंत्रे नेहमीच ‘कमाल पातळी’ असे सांगत. यावर ड्रायव्हरने साक्षीदाराची परीक्षा घेण्याची रीत स्वीकारली. आरंभीच एक ठरावीक पातळी लावायची आणि लगेच विचारायचे : आता किती? सदैव कमाल सांगणाऱ्याला पकडता यावे म्हणून ही चाचणीची पातळीही विचारपूर्वक निवडायची. उत्तर जुळले तर विश्वास. अनुक्रमांक म्हणून जुळले तर तशी नोंद. कशानेच जुळले नाही, तर त्या साक्षीदाराला पुन्हा विचारायचेच नाही. आपण शेवटी लावलेली पातळी स्वतःच लक्षात ठेवायची.

१७/ याखेरीज वर्तनातील चुका वेगळ्या. काही लॅपटॉपमध्ये कळ दाबताच फर्मवेअर स्वतः उजेड वाढवी आणि वर ‘कळ दाबली’ असा निरोपही पाठवी. निरोप मिळताच ऑपरेटिंग सिस्टिमही उजेड वाढवी. परिणामी एका दाबात दोन पायऱ्या. शून्य पातळीचाही अर्थ एक नव्हता. कुठे शून्य म्हणजे अतिशय मंद उजेड, तर कुठे संपूर्ण अंधार. अशा अंधारात सापडलेल्या माणसाला परतीची कळही चाचपडत शोधावी लागे.

१८/ आता २०१२. एसीपीआयच्या तक्त्यांना एक प्रश्न विचारण्याची मुभा आहे : ‘तू अमुक विंडोजशी सुसंगत आहेस का?’ लिनक्स याचे उत्तर ‘होय’ असेच देते, कारण ‘नाही’ म्हटले तर फर्मवेअर अशा वाटेला जाते जी कोणी तपासलेलीच नसते. ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला मात्र २००७ पासून लिनक्सचे स्वतःचेच उत्तर ‘नाही’ असते. २०१२ च्या अखेरीस विंडोज ८ साठीही ‘होय’ म्हणण्यास सुरुवात झाली आणि अनेक लॅपटॉपची उजेडाची कळ निकामी झाली.

१९/ कारण असे. विंडोज ८ मध्ये उजेडाचे काम प्रत्यक्षात ग्राफिक्स ड्रायव्हर करू लागला होता. त्यामुळे विंडोज ८ समोर आहे असे कळताच फर्मवेअरमधील ज्या कृती चालत, त्या कारखान्यात कोणी वापरून पाहिल्याच नव्हत्या. अनेक यंत्रांवर त्या नुसत्या नावाला उरल्या. काही थिंकपॅडसारख्या यंत्रांचे धनी मग सुरुवातीलाच एक ओळ लिहून ‘आम्ही विंडोज ८ नाही’ असे सांगू लागले. तात्पुरता इलाज, पण तो ज्याला ठाऊक त्यालाच लाभणारा.

२०/ जुलै २०१३ मध्ये मॅथ्यू गॅरेट यांच्या कामाच्या आधारे राफाएल विसॉत्स्की यांनी दुरुस्ती आणली : फर्मवेअर विंडोज ८ ची अपेक्षा करत असेल आणि इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर हजर असेल, तर एसीपीआयचा मार्ग बंद करून थेट ग्राफिक्स ड्रायव्हरने उजेड सांभाळावा. विचार योग्य होता. पण थोड्याच दिवसांत उलट तक्रारी आल्या : पूर्वी नीट चालणारी काही यंत्रे आता बिघडली. त्या यंत्रांत दिव्याची तार ग्राफिक्स चिपकडे जातच नव्हती, असाच त्या लक्षणांचा रोख होता. त्याच महिन्यात दुरुस्ती मागे घेण्यात आली.

२१/ ही माघार दुबळेपणाची नव्हती. लिनक्स कर्नलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा एक कडक दंडक आहे : काल चालणारी गोष्ट आज बिघडता कामा नये. नवी दुरुस्ती शंभरांना सावरून दहांना पाडत असेल, तर ती दुरुस्ती म्हणून टिकत नाही. चूक मूळची फर्मवेअरची आहे, हा बचावही तेथे चालत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने पडदा काल उजळत होता आणि आज उजळत नाही, एवढेच सत्य.

२२/ याच वर्षारंभीची सॅमसंगची घटना आता नीट समजेल. सॅमसंगचा हा ड्रायव्हर जुन्या बायॉसच्या काळातला. तो स्मृतीच्या एका ठरावीक भागात सॅमसंगची खूण शोधी आणि तिच्या आधारे उजेड वगैरे बदले. नव्या यूईएफआय पद्धतीत तो भाग तसा उरलेला नव्हता. तेथे हात घालताच प्रोसेसरने गंभीर त्रुटी जाहीर केली. कर्नलने आपल्या रीतीप्रमाणे त्या पडझडीचा वृत्तांत फर्मवेअरच्या कायम स्मृतीत लिहून ठेवला. ती स्मृती एका मर्यादेपलीकडे भरली आणि पुढच्या वेळी फर्मवेअरला स्वतःलाच सुरू होता येईना.

२३/ पहिला उपाय तातडीचा : यूईएफआय पद्धतीने सुरू झालेल्या यंत्रावर हा ड्रायव्हर चालूच द्यायचा नाही. पण गॅरेट तेथे थांबले नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की विंडोजमधूनही तीच स्मृती भरली, तर यंत्र तसेच मरते. म्हणजे ड्रायव्हर निमित्तमात्र. मूळ दोष फर्मवेअरचा. मग कर्नलने स्वतःवरच बंधन घालून घेतले : ही स्मृती निम्म्याहून अधिक भरेल असे लेखन नाकारायचे. दोष दुसऱ्याचा, तरी संयम आपला.

२४/ विंडोज ८ चा गुंता हळूहळू सुटला. २०१४ मध्ये आलेल्या ३.१६ आवृत्तीत, विंडोज ८ ची अपेक्षा करणाऱ्या यंत्रांवर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मूळ मार्गाला प्राधान्य मिळाले. २०१५ च्या ४.२ आवृत्तीत हान्स डी गोएडे यांनी निवडीचा सारा तर्क एका ठिकाणी आणला. तोवर प्रत्येक ड्रायव्हर आपापला अंदाज बांधत असे. आता ‘या यंत्राचा उजेड कोणाकडे?’ हा प्रश्न एकाच जागी विचारला जाऊ लागला. उत्तरे चारच : फर्मवेअर, कारखान्याचा ड्रायव्हर, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कोणीही नाही.

२५/ तरीही अपवाद उरलेच. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये एक यादी आहे. यंत्र आपले नाव, घराणे आणि प्रतिरूप सांगते; ते यादीतील नोंदीशी जुळले की ठरलेला मार्ग घेतला जातो. लेनोवो, डेल, सॅमसंग, तोशिबा, आसुस, एसर, ॲपल... पुष्कळ नोंदींमागे एक तक्रार असते : कोणाचा तरी पडदा काळा पडला, त्याने ते कळवले, विकासकांनी सुचवलेले प्रयोग करून पाहिले आणि निष्कर्ष एका नोंदीत उतरला. सामान्य वापरकर्त्यांच्या चिकाटीचे असे दप्तर क्वचितच सापडते.

२६/ डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत शेवटची मोठी आवराआवर झाली. त्यापूर्वी एकाच पडद्यासाठी दोन-तीन नियंत्रणे नोंदवली जात आणि त्यांतले खरे कोणते हे वरच्या प्रोग्रॅमला ओळखावे लागे. आता एका पडद्याला एकच नियंत्रण. २०१३ ची आठवण ताजी असल्यासारखी तयारी झाली : बदल सर्वांपर्यंत पोहोचण्याआधीच डी गोएडे यांनी लॅपटॉपधारकांना जाहीर आवाहन केले की आपल्या यंत्रावर तपासून पाहा आणि बिघाड असेल तर कळवा.

२७/ आज कळ दाबली की उजेड बदलतो आणि कोणाच्या मनात काही येत नाही. त्या क्षणापूर्वी, यंत्र सुरू होतानाच, ड्रायव्हरने यादी तपासलेली असते, गरज पडल्यास साक्षीदाराची परीक्षा घेतलेली असते आणि यंत्राचे नाव अपवादांच्या यादीशी ताडून पाहिलेले असते. २००९ च्या आसपासचे अनेक लॅपटॉप केव्हाच भंगारात गेले. पण बीसीक्यू ही चुकलेली अक्षरे कर्नलमध्ये अजून जपून ठेवलेली आहेत. कुठेतरी एखादे जुने यंत्र अजून चालू असेल, तर त्याचा पडदा अंधारात राहू नये म्हणून.

(समाप्त)